आधी छी, मग हात

सिस्टर कुणालाही 'या' म्हणायच्या आधी 'छी' म्हणायच्या. माणूस दारात उभा राहिला की त्यांची नजर त्याच्या चपलांवर, नखांवर आणि मोबाइलच्या काचेवरच्या तेलकट डागांवर फिरायची. मग नाकपुड्या फुलायच्या आणि शब्द बाहेर पडायचा. "छी! काय घेऊन आला हा घरात!" त्यानंतर त्या त्याला खुर्ची द्यायच्या, चहा द्यायच्या, पोह्यांवर वरून तर्री वाढायच्या. पण आधी मोरीत पाठवून हात धुवायला लावायच्या. मला स्वतःला जगातल्या निम्म्या गोष्टींची शिसारी येते. एवढा नाक मुरडणारा जीव मी दुसरा पाहिला नव्हता, म्हणून आमचं लगेच जमलं. गेल्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. त्यानंतर इतकं मनापासून 'छी' म्हणणारं कुणी मला भेटलेलं नाही.

मी पांढरकवड्याच्या शोध-बचाव पथकात आहे. पाण्याखाली उतरणारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे निळा समुद्र आणि रंगीत मासे येतात. आमच्याकडे समुद्र कुठला? आम्ही उतरतो विहिरीत, खाणीच्या डबक्यात, पुरानंतरच्या नाल्यात. तिथे मेलेली कबुतरं असतात, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या असतात, प्लास्टिकसकट टाकलेलं निर्माल्य असतं आणि भिंतीला शेंबडासारखं चिकटलेलं शेवाळ असतं. त्यात आम्ही माणूस शोधायचं. काठावर अख्खं गाव गोळा झालेलं असतं. अर्धे मोबाइल धरून उभे आणि उरलेले तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकत. ज्या पाण्यात मी उतरणार त्याच पाण्यात पिचकारी टाकणारे मी कित्येकदा पाहिले आहेत. मी भोयाची पोर. माझे वडील तळ्यात जाळी टाकायचे, पाण्याची भीती मला कधी वाटली नाही. काठावरच्या माणसांची मात्र आजही किळस वाटते.

पथकाला एकदा चांगलं सामान मिळालं. पाण्याखाली चालणारे दोन दिवे, जाड पेटीत बंद केलेला आणि लांब वायरीने वरच्या पडद्याला जोडलेला कॅमेरा, आणि मनगटावर बांधायचे छोटे कॉम्प्युटर. किती खोल गेलो, किती वेळ झाला, आता वर यायला हवं की नाही, हे त्या मनगटी कॉम्प्युटरवर दिसतं. सोबत एक पुस्तिका होती. तिच्यावर समुद्राचा फोटो आणि आत पहिलीच सूचना, की वापर झाला की लगेच गोड्या पाण्यात भिजवून धुवा. आमचे पथकप्रमुख गजूभाऊ ते वाचून हसले. म्हणाले, "आपलं पानी तं गोडंच हाय ना बाप्पा! समुद्रवाल्याले सांगतलं हाय थे. आपल्याले कायले धुवाचं?" सगळ्यांना पटलं. विहिरीच्या पाण्यात बुडालेली वस्तू गोड्या पाण्यात धुवायची म्हणजे आंघोळ करून आलेल्याला आंघोळ घालण्यासारखं झालं! सामान नुसतं झटकून पेटीत जाऊ लागलं आणि पेटीचं झाकण लागू लागलं.

महिन्याभरात आमच्या खोलीला वास सुटला. तो वास कशाचा ते मी लिहिणार नाही. ज्यांनी पाण्यातून माणूस काढलं आहे त्यांना तो ठाऊक आहे, आणि इतरांना कधी कळू नये. खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे सिस्टरचं घर. सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात उभी हयात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. एका दुपारी भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं. पांढरेशुभ्र केस, नाकाला पदर नाही. आणि त्या कडाडल्या, "कोन मेलं बे इथं?"

गजूभाऊ म्हणाले, "कोनी नाई सिस्टर, सामान हाय."

"छी! सामान असं सडते? आना इकडे."

पाचच मिनिटांत त्या फाटकातून आत आल्या आणि त्यांनी पेटी उघडली. दिव्याच्या बुडाशी बोट फिरवलं, ते बोट नाकाजवळ नेलं. मला उमासा आला. त्यांचाही चेहरा कडू कारल्यासारखा झाला. "छी छी छी," असं म्हणत त्यांनी बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात त्या पेटीत घातले. त्या दिवशी मला कळलं की छी म्हणणारी माणसं दोन प्रकारची असतात. पहिली छी म्हणून पळतात. सिस्टरचा प्रकार दुसरा. त्याच सांगायच्या, "ज्याले घाण वाटत नाई, थो कायले साफ करन? आधी छी मनाचं, मंग हात घालाचा. नुसतं घाण कुठं हाय थे तं माशीही सांगते."

धुण्याची त्यांची रीत ठरलेली होती. सगळं बंद ठेवूनच आधी स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात बुडवायचं. गाळ सुटेपर्यंत हात लावायचा नाही. मग कॅमेऱ्याच्या पेटीची बटणं पाण्यातच हळूहळू दाबायची, म्हणजे फटीतली रेती निघते. नळाची जोरदार धार मारायला मात्र सक्त मनाई. "पेशंटच्या डोयात पिचकारी मारतं का तू?" असं त्या विचारायच्या. वरून पूर्ण कोरडं झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आमच्याकडचं पाणी जड, नुसतं वाळू दिलं की काचेवर पांढरी खपली धरते, म्हणून पाणी निथळलं की जुन्या सुती धोतराच्या मऊ फडक्याने टिपायचं. तो धोतराचा कपडा त्यांच्या यजमानांचा होता. ते वारले तेव्हा सिस्टरने त्यांची धोतरं वाटली नाहीत, उकळून, फाडून, घड्या करून ठेवली. "त्याईनं आयुष्यभर फडकं हातात नाई घेतलं," त्या म्हणायच्या. "आता घेऊन राह्यले."

पण खरी पूजा असायची ती रबरी कड्याची. दिव्याच्या आणि कॅमेऱ्याच्या झाकणात एक बारीक काळं रबराचं कडं असतं. पाणी आत येऊ देत नाही ते एवढंसं कडं. त्यावर केस अडकला, वाळूचा कण बसला, तर सगळं सामान बुडालं म्हणून समजा. सिस्टर ते कडं सुईने कधी काढत नसत. सुईने ओरखडा जातो. जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा घालून त्या ते अलगद उचलायच्या. मग डोळे मिटून अनामिकेचं टोक त्यावरून सबंध फिरवायच्या. "डोयाले फसवता येते पोरी, बोटाले नाई," असं म्हणत एखादा न दिसणारा कण काढून माझ्यापुढे धरायच्या, आणि मला दिसला नाही तरी मी छी म्हणायचे. शेवटी तेलकट मलमाचा थेंबभर हात. जास्त लावलं की धूळ चिकटते. पथकातली पोरं खर्रा घोटलेल्या बोटांनी त्या कड्याला हात लावायला गेली की सिस्टर चिमट्याने त्यांची बोटं धरून मोरीकडे न्यायच्या. खऱ्या चिमट्याने. दवाखान्यातला होता.

मनगटी कॉम्प्युटरचं एक त्यांना फार हसू यायचं. त्याच्या अंगावर धातूचे छोटे ठिपके असतात, त्यांना पाणी लागलं की आपण बुडालो असं ते यंत्र समजतं. एकदा ते न पुसता कपाटात गेलं, ठिपक्यांवर चिखलाचा ओलसर पापुद्रा राहिला, आणि कोरड्या कपाटात पडल्या पडल्या ते आपलं पाण्यातच आहे अशा थाटात चालू राहिलं. बॅटरी संपवून बसलं. सिस्टर म्हणाल्या, "आपले लोकं असेच आहेत. बाहीर आले तरी अंगावरची घाण पुसत नाईत, मंग मन्तेत का आपन अजून बुडूनच हाओत." असं काही बोलल्या की त्या लगेच कामाला लागायच्या, शहाणपण सांगितलं याची त्यांनाच लाज वाटायची.

असंच एकदा कडं पुसताना त्यांनी मला मनातलं सांगितलं. म्हणाल्या, "शारदे, मले मराची भीती नाई. वार्डात लय मरनं पाह्यले. पन म्हातारं मानूस अंथरुनात पडलं ना, का लोकं नाकाले पदर लावतेत, अन् वरून हासतेत. काई नाई, काई नाई मन्तेत. त्याची भीती वाटते मले. माही कोनाले किळस येईन, अन् थो सांगनार नाई." मी म्हटलं, "सिस्टर, तुमच्यासारख्या स्वच्छ बाईची कोण किळस करणार?" त्या माझ्याकडे कीव केल्यासारख्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुले अजून घाण समजलीच नाई."

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, ट्रॅक्टरपासून कात्रीपर्यंत. गजूभाऊंनी पथकाचं सामान पाटावर मांडलं, झेंडूचे हार घातले, आणि दिवा काय, कॅमेरा काय, झाकणं उघडून आतपर्यंत हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या. नारळाचं पाणीही शिंपडलं. भिंतीवरून सिस्टर ओरडल्या, "अरे, कड्यावर कुक्कू नोका टाकू! रबर हाय थे, देव नाई!" गजूभाऊ माणूस भला, पण त्या दिवशी नवा शर्ट घालून होते आणि बाजूला चार मोठी माणसं उभी होती. ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्यात नाई चालत पूजा, आमच्यात चालते." सिस्टरच्या घरी बुद्धाची मूर्ती होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं डोकं भिंतीखाली गेलं. नशिबाने एक दिवा त्यांनी बॅटरीचा गंज पुसायला घरी नेला होता. तो पूजेतून वाचला.

दुसऱ्याच दिवशी मुकुटबनकडून फोन आला. एका जुन्या खाणीत पाणी साचलं होतं, एक ट्रॅक्टर चालवणारा गडी आंघोळीला उतरला आणि वर आलाच नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याची बायको काठावर दगडाला पाठ लावून बसली होती. तिच्या मांडीवर त्याचा शर्ट होता. मी उतरले. वरून हिरवं दिसणारं ते पाणी दोन पुरुष खोल गेलं की डांबरासारखं काळं. दिवा लावला. थोडा वेळ उजेड बरा होता. मग तो लालसर झाला, मग डोळा आल्यासारखा चिकट, आणि विझला. काचेआड कुंकवाचा चिखल हलताना मला शेवटचा दिसला. वर कॅमेऱ्याच्या पडद्यावरही लाल धुकं उतरलं. हातांनी चाचपडत शोधायचा प्रयत्न केला, पण खाणीत लोखंडी सळया असतात आणि मनगटावरचं यंत्र वर ये म्हणत होतं. मी रिकाम्या हातांनी वर आले. इतकी शिसारी मला कुठल्या प्रेताचीही आली नव्हती. ज्या सामानावर एका बाईचं सगळं अडलं होतं, ते आम्ही हार घालून, नमस्कार करून बुडवलं होतं.

ती बाई उठून माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, उद्या तरी काढसान ना त्याईले?" मी हो म्हटलं. मागे उभी असलेली गर्दी आपापले मोबाइल खिशात घालून घरी गेली. ती तिथेच बसून राहिली.

सकाळी सिस्टर स्वतः आमच्या गाडीत येऊन बसल्या, मांडीवर तो वाचलेला दिवा.  गजूभाऊंनीच मान खाली घालून विचारलं, "सिस्टर, थो कालचा दिवा सुदरन का?" सिस्टर म्हणाल्या, "त्याच्यात देव बुडला आता. पाहू." दहा वाजायच्या आत मला तो गडी सापडला. कपारीत होता. बाहेर काढला, बायकोने त्याच्या चेहऱ्यावरचा गाळ त्याच शर्टाने पुसला. माझ्या मनात आलं, फडकं हातात घ्यायचं हिला सिस्टरने न शिकवताच कळलं.

आता सामान धुवायचं होतं. सिस्टर घमेलं घेऊन गावातल्या टाकीकडे निघाल्या. तिथे दोन-चार बायका पाणी भरत होत्या. त्यातली एक आडवी आली. "मुर्द्याले लागलेलं हाय थे. इथं नोका धुवू." दुसरीने तर सिस्टरच्या हातातल्या घमेल्यापासून आपली घागर ओढून घेतली. मी वाट पाहत होते की आता सिस्टर जोरात छी म्हणतील आणि बाईची खरडपट्टी काढतील. माझ्या तोंडून शिवी निघणारच होती. सिस्टरने नुसतं घमेलं उचललं आणि गाडीकडे चालू लागल्या. पाय भराभर पडत होते.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "माह्या आजीलेही याच गावात पान्याले हात लावू देत नोते. हात धुतले असले तरी नाई. थे घाण नोती शारदे. घाण तं धुतल्यानं जाते." आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. गाव मागे पडल्यावर हळूच म्हणाल्या, "छी." कुणाला ते मी विचारलं नाही. त्या दिवसापासून आमच्या गाडीत स्वच्छ पाण्याचा एक निळा ड्रम कायमचा आला. भरायचं काम गजूभाऊंनी कुणी न सांगता स्वतःकडे घेतलं. पुढच्या दसऱ्याला कुंकू पेटीच्या बाहेरून, झाकण बंद करून लागलं, आणि पहिलं बोट लावायला गजूभाऊंनी भिंतीवरून सिस्टरला हाक मारली. सिस्टर आल्या. कुंकू लावलं नाही, पण पेटी पुसून दिली.

पुढे सिस्टरला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. मुलगा त्यांना घाटंजीला आपल्या घरी घेऊन गेला. मी भेटायला गेले तेव्हा दारातच उदबत्तीचा भपका आला, एकदम पाच-सहा लावलेल्या असाव्यात. आणि त्या भपक्याच्या खाली दुसरा वास. मला वासातलं कळतं. सून चांगली आहे, वाईट म्हणून मी तिला म्हणणार नाही. ओढणी नाकाशी धरून ती हसत होती. "या ना ताई. आई मजेत आहेत. काई त्रास नाई त्यांचा, काई नाई." कामाला ठेवलेली बाई तोंडाला दोन मास्क लावून खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. तीही म्हणाली, "काई नाई."

सिस्टर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी वळसा घालून समोर गेले तर त्यांनी डोळे मिटले. गालावर, मानेवर, छातीवर पावडर मारलेली होती, पांढरी, सुगंधी, ढीगभर. मी जवळ वाकले. मानेच्या घडीत पावडरीचा लगदा झाला होता. बोटांच्या बेचक्यात भाताची शितं वाळून चिकटली होती. कूस बदलून पाहिलं तर पाठीखालची चादर ओली होती, आणि तिच्यावरही पावडर. वरून हार, आत चिखल. मला खाणीतला तो लाल दिवा आठवला आणि मस्तकात आग गेली.

"छी!" मी ओरडले. "छी, सिस्टर! किती घाण झालीये हो तुमची! शी!"

सुनेचा हात ओढणीसकट खाली आला. ती घाबरून म्हणाली, "ताई, आईंना समजतं सगळं." मी म्हटलं, "म्हणूनच म्हणते."

सिस्टरचे डोळे उघडले. त्या माझ्या नाकाकडे पाहत होत्या. माझ्या नाकाला पदर नव्हता आणि माझं तोंड कडू झालं होतं, ते मी लपवलं नाही. मी बाह्या वर केल्या. सुनेला कोमट पाणी मागितलं, मऊ जुनं सुती फडकं मागितलं. पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. आधी सगळं नुसतं भिजू दिलं, घासलं नाही. मग घडीघडीतून, बेचक्याबेचक्यातून काढत गेले. एकदा मला उमासा आला, मी तोंड बाजूला करून तो येऊ दिला, आणि परत हात घातला. सिस्टरच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसणं होतं. मध्येच केव्हातरी सून पाणी बदलून आणायला लागली. तिची ओढणी आता कमरेला खोचलेली होती. "छी," ती पुटपुटली, पहिल्यांदाच, आणि पाठ टिपायला दुसऱ्या बाजूने वाकली.

सगळं कोरडं झालं. धुतलेली चादर घातली. पावडरीचा डबा मी खिडकीबाहेर ठेवून दिला. तेव्हा सिस्टरचा डावा हात चादरीतून निघाला. फार कष्टाने वर आला. त्यांनी डोळे मिटले, अनामिकेचं टोक आपल्या मानेच्या घडीत घातलं आणि सावकाश फिरवत नेलं, रबरी कड्यावरून नेत तसंच, जराही न उचलता.  बोट कानामागे जाऊन थांबलं. मग ते त्यांनी माझ्यापुढे धरलं. टोकावर पांढरा कण होता. ओठांतून हवा निघाली, शब्द फुटला नाही, पण मला ऐकू आला.

डाव्या कानामागे राहिलं होतं. मी पुन्हा फडकं भिजवलं.